वाचकांचे प्रश्न : पाठीवरचे वॉट आणि पोटातली भूक

फोंड्याच्या वरच्या बाजारातलं माझं दुरुस्तीचं दुकान साडेआठला उघडतं आणि नऊच्या आत कुणीतरी "स्पीकर किती वॉटचे घेऊ?" असं विचारून गेलेलं असतं. मागच्या अंकात रेकॉर्ड प्लेयरच्या सुयांवर लिहिलं, तरी टपालात आलं ते हेच. पत्रं थोडी छाटली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण दोघा-तिघांनी घरी अजून खरी किंमत सांगितलेली नाही.

प्रश्न : म्हार्दोळला आमचं जुनं घर आहे. दिवाणखाना 24 फूट बाय 14, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकतो. 25 वॉटचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. स्पीकरच्या दोन जोड्या मनात भरल्या आहेत. एक स्टँडवर ठेवायची लहान : 84 डेसिबल, 8 ओहम. दुसरी जमिनीवर उभी राहणारी : 90 डेसिबल, 4 ओहम. दोन्हींच्या पाठीवर 100 वॉट लिहिलंय. दुकानदार म्हणतो, 100 वॉटच्या स्पीकरला 100 वॉटचा अ‍ॅम्प लागतोच. घेऊ का?

उत्तर : पाठीवरचे 100 वॉट म्हणजे तो स्पीकर न जळता किती सोसेल, एवढंच. पोटात दहा उंडे (गोव्याचे गोल पाव) मावतात म्हणून कुणी रोज सकाळी दहा उंडे खात नाही.

बघायचा आकडा त्याच्या खालच्या ओळीत असतो, सेन्सिटिव्हिटीचा. 84 डेसिबल म्हणजे स्पीकरला 2.83 व्होल्ट दिले की एक मीटरवर 84 डेसिबल आवाज येतो. ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा. 8 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट म्हणजे एक वॉट. आता हा हिशेब तुमच्या दिवाणखान्यात आणू. खुर्ची दहा फुटांवर धरा. अंतरापायी सहा-सात डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर मिळून तीन वाढतात. म्हणजे एकेका वॉटाला खुर्चीत 80 च्या आसपास पडतात. घरात बसून गाणं ऐकताना सरासरी आवाज 75 च्या पुढे फारसा जात नाही. त्याला लागतो पाव वॉट, फार तर थोडा अधिक.

मग बाकीचे वॉट कशाला? तबल्याची उघडी थाप, तार सप्तकात एकदम चढलेली तान, ऑर्गनवर जोरात पडलेला हात, यांच्यासाठी. हे क्षण सरासरीच्या पंधरा-अठरा डेसिबल वर जातात, आणि दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट होत जातात. 93 गाठायचे तर पाव वॉटाचे वीस होतात. तुमचा 25 चा अ‍ॅम्प काठावर पास. तो विकून 100 चा आणलात तर वरती मिळतील सहा डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला दहा लागतात. दुकानदार जे विकतोय त्याची खरी किंमत एवढी.

आता दुसरी जोडी. 90 हा आकडा बघून हुरळू नका. त्याच 2.83 व्होल्टला 4 ओहमचा स्पीकर दोन वॉट ओढतो. म्हणजे कॅटलॉगमधले 90 हे दोन वॉटांचे 90, एका वॉटाचे 87. खोटं कुणी बोललेलं नाही, पण मासळी बाजारात तराजूवर अंगठा ठेवतात, त्यातला हा प्रकार. शिवाय 4 ओहम हा काही ठरलेला आकडा नसतो. सुराप्रमाणे ओहम वर-खाली होतात. लिहिलेल्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांखाली जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, म्हणजे 8 चा स्पीकर 6.4 च्या खाली जायला नको. प्रत्यक्षात 8 लिहून 4 ला टेकणारे मी बरेच मोजले आहेत. ओहम जितके कमी तितका अ‍ॅम्पमधून करंट जास्त, आणि स्वस्त अ‍ॅम्प दमतात ते तिथेच. 1978 साली आलेला नॅड 3020 कागदावर 20 वॉटचाच होता. त्याचं नाव झालं ते याच कारणाने : अवघड स्पीकर समोर आला की करंट द्यायला मागे हटायचा नाही.

मी तुमच्या जागी असतो तर उभी जोडी घेतली असती. कारण हिशेब दहा फुटांच्या खुर्चीचा केला, पण गणेश चवथीला तुमच्याकडे वीस माणसं जमणार आणि निम्मी वीस फुटांवर बसणार. शिवाय कौलारू घरातून खर्ज कौलांवाटे निघून जातो, काँक्रीटच्या स्लॅबखाली साठतो तसा साठत नाही. लहान स्पीकर त्या दिवाणखान्यात पातळ वाजेल. फक्त आज रात्री अ‍ॅम्पची पाठ बघा. स्पीकरच्या तारा जोडायच्या खिळ्यांजवळ "4 ते 16 ओहम" लिहिलं असेल तर बेशक जोडा. "8 किंवा अधिक" असेल तर स्पीकर आता घ्या, अ‍ॅम्पला सहा महिने थांबा, आणि घेताना एकच विचारा : 8 ओहमला किती वॉट आणि 4 ला किती? 8 ला 50 आणि 4 ला 80-90 असं उत्तर आलं तर तो अ‍ॅम्प मर्द. 8 ला 100 आणि 4 ला काहीच लिहिलेलं नाही, तर पुढच्या दुकानात जा.

मोठ्या अ‍ॅम्पने स्पीकर जळतो अशी भीती बऱ्याच जणांना असते. माझ्या हातून जळलेली पहिली ट्वीटरची (उंच सूर वाजवणाऱ्या लहान स्पीकरची) जोडी 20 वॉटच्या अ‍ॅम्पवर जळली. भाचीच्या वाढदिवसाला आवाज पुरेना म्हणून मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. अ‍ॅम्पची ताकद संपली की लाटेचे शेंडे कापले जातात, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि त्या कापलेल्या शेंड्यांची बरीचशी ताकद वरच्या पट्टीत जाऊन ट्वीटरवर पडते. ट्वीटरची तार केसाएवढी. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर कॉइल काळी पडून एका जागी तुटली होती. आवाज फाटायला लागला की बटण मागे घ्यायचं, मग अ‍ॅम्प 20 चा असो की 200 चा.

प्रश्न : पर्वरीच्या फ्लॅटमध्ये 12 बाय 11 च्या खोलीत उभे स्पीकर ठेवले आहेत. खर्ज नुसता घुमतो, तबल्याचा डग्गा म्हणजे कुणी गादी झोडपतंय. मला सांगण्यात आलं की अ‍ॅम्पचा डॅम्पिंग फॅक्टर 50 आहे तो कमी, 500 वाला घेतला की खर्ज आवळला जाईल. किंमत 85 हजार.

उत्तर : 85 हजार खिशात ठेवा. डॅम्पिंग फॅक्टर म्हणजे स्पीकरच्या 8 ओहमना अ‍ॅम्पच्या आतल्या अडथळ्याने भागून येणारा आकडा. 50 म्हणजे अ‍ॅम्पचा आतला अडथळा 0.16 ओहम. 500 म्हणजे 0.016. पण तुमच्या वूफरच्या (पेटीतल्या खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कॉइलच्या तारेचाच अडथळा सहा ओहमच्या आसपास आहे, आणि तो त्याच वाटेत बसलाय. सहामध्ये 0.16 मिळवले काय आणि 0.016 काय.

दोष खोलीत आहे. 12 फूट म्हणजे 3.66 मीटर. त्या दोन भिंतींमध्ये सुमारे 47 हर्ट्झचा सूर अडकून राहतो. 11 फुटांत 51 चा. छत दहा फुटांवर असेल तर 56 चा. तिन्ही एकमेकांना चिकटून, म्हणजे त्या पट्ट्यातला कुठलाही सूर आला की खोलीच वाजायला लागते. चौकोनी खोल्यांचं हे दुखणं जुनं आहे, आणि अ‍ॅम्पला ते कळत नाही.

तुम्ही घुमट वाजवताना जवळून पाहिलंय का? मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर चामडं, मागे लहान उघडं तोंड. उजव्या हाताने थाप मारताना डाव्या तळव्याने ते मागचं तोंड झाकलं-उघडलं की घुमारा बदलतो. तळवा पूर्ण काढला की पोटातली हवा मोकळी होऊन खोल "घूं" निघतो. तुमच्या स्पीकरच्या पाठीवर वाटीएवढं भोक आहे ना? तेच मागचं तोंड. वूफर हे चामडं, पेटी हे मडकं, आणि ते भोक भिंतीपासून चार इंचांवर उघडं टाकून तुम्ही अख्खी आरती घुमवताय.

तळवा लावा. सुती मोजे गुंडाळून दोन्ही भोकांत सैलसर बसवा. फार आत ढकलू नका, बाहेर काढता आले पाहिजेत. मग स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढा आणि खुर्ची मागच्या भिंतीला टेकली असेल तर तीही पुढे घ्या. नेमकी जागा शोधायची एक गमतीची रीत आहे. खुर्ची उचलून तिथे एक स्पीकर ठेवा, डग्गा स्पष्ट असलेलं गाणं लावा आणि स्वतः जमिनीवर गुडघ्यांवर भिंतीच्या कडेने फिरा. डोकं खालीच ठेवायचं. जिथे डग्ग्याचा एकेक ठोका सुटा ऐकू येतो, तिथे स्पीकर. आमच्या शेजारणीला वाटलं होतं माझं काहीतरी हरवलंय.

एवढं करूनही घुमत राहिलं तर स्पीकर खोलीला मोठे आहेत. ते विकून लहान बंद पेटीचे घ्या. 1954 मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी एआर-1 काढला, तेव्हापासून लहान बंद पेटीतून व्यवस्थित खर्ज काढता येतो हे जगाला माहीत आहे. आणि गाण्याला खर्ज लागतो तरी किती? पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झ, त्याचा मंद्र षड्ज 69. बाईंचा काळी चार असेल तर षड्जच 208 वर. 30 हर्ट्झच्या खर्जासाठी पैसे मोजून आपण बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या भांडणाची सोय करतो.

प्रश्न : माझे वडील तारवटी (बोटीवर नोकरी करणारे) होते. 1983 मध्ये बोटीवरून सुटून येताना त्यांनी जपानी रिसीव्हर (रेडिओसकट अ‍ॅम्प) आणि मोठे स्पीकर आणले. ते गेल्यावर सगळं माळ्यावर पडून होतं. आता खाली काढलं तर वूफरभोवतीचं स्पंज बोट लावताच चुरा होतंय. फेकून द्यावं म्हणतात घरचे. काही करता येईल? अ‍ॅम्प दुसरा घ्यावा का? (चिखली, वास्को)

उत्तर : फेकू नका, आणि कृपा करून प्लगही घालू नका.

प्लगचं आधी. बोटीवरून आणलेल्या रिसीव्हरच्या मागे बहुधा व्होल्टेज बदलायची लहान खाच असते : 110, 120, 220, 240. कधी ती खाच पाठीवर असते, कधी झाकणाखाली. जपानमध्ये घरात 100 व्होल्ट, आपल्याकडे 230. माळ्यावर चढवताना-उतरवताना खाच हलली असेल किंवा मूळचा रिसीव्हर 100 व्होल्टचाच असेल तर ट्रान्सफॉर्मर मिनिटभरात धूर काढतो. वास्को, मडगाव, बाणावली, सगळीकडून असे जळके ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे आले आहेत. खाच 220 किंवा 240 वर आहे हे डोळ्यांनी पाहा. आकडा फक्त 100 असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. आणि चाळीस वर्षांच्या रिसीव्हरला एकदम वीज देऊ नये. आमच्याकडे 60 वॉटचा साधा पिवळा बल्ब मालिकेत जोडून देतात. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट. हे काम घरी नको, जाणत्याकडून करून घ्या.

स्पंजाचं म्हणाल तर तो तुमचा दोष नाही. त्या काळच्या वूफरांभोवती पॉलियुरेथेनच्या फोमची कड असायची. कोरड्या हवेतही ती पंधरा-वीस वर्षांत विरते. आपल्याकडे चार महिने भिंतीला बुरशी आणि बाकीचे आठ महिने खारा वारा, इथे ती आधीच जाते. रबराची कड असलेले त्याच वयाचे वूफर अजून धडधाकट सापडतात. म्हणून गोव्यात जुना स्पीकर विकत घेणाऱ्याला मी पहिलं सांगतो : जाळी काढ, कडेला हलकं बोट लाव, बोटाला काळं चिकट लागलं तर किंमत निम्मी कर.

कड बदलता येते. वूफरच्या मापाची नवी फोमची किंवा रबराची कड मिळते, पण माप नीट घ्यावं लागतं. जुन्या कडेचा अवशेष ब्लेडने खरवडायचा, कागदी कोन न फाटू देता. स्पिरिटने पुसायचं. मग मधली टोपी कापून काढायची आणि कॉइल व लोखंडी खुंट यांच्यामधल्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या बारीक पट्ट्या चारी बाजूंनी उभ्या घालायच्या, म्हणजे कॉइल मध्यावर राहते. कड चिकटवायची, रात्रभर ठेवायचं, सकाळी पट्ट्या काढायच्या. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर टेकवून अगदी हळू आत दाबायचं आणि कान जवळ न्यायचा. काहीच ऐकू येता कामा नये. वाळूवर पाय घासल्यासारखा खर्रर्र आला तर कॉइल घासतेय, परत सोडवा.

हे मी शिकलो ते एका तारवट्याचीच जोडी बिघडवून. घाईत चप्पल चिकटवायचा सोल्यूशन वापरला. तो इतक्या लवकर धरला की कड सरकवून मध्यावर आणायला वेळच मिळाला नाही. वूफर खरखरायला लागला. तो माणूस तोवर परत बोटीवर गेला होता. नऊ महिन्यांनी आला तेव्हा मी दोन्ही वूफर माझ्या खर्चाने नव्याने करून ठेवले होते. तो म्हणाला, "तुला बरा वेळ मिळाला." तेव्हापासून मी उशिरा धरणारा पांढरा गोंद वापरतो, आणि काम झालं की दीड व्होल्टचा सेल लावून बघतो : सेलचं अधिक टोक स्पीकरच्या लाल खिळ्याला टेकवलं की कोन बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकरांत सारखाच. एक बाहेर आणि एक आत असेल तर खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि लोक अ‍ॅम्पला शिव्या देतात.

स्पीकर उघडलेच आहेत तर आतले क्रॉसओव्हरचे (वूफर आणि ट्वीटरला सूर वाटून देणाऱ्या सर्किटचे) जुने कपॅसिटर मोजून घ्या. इतक्या वर्षांत ते मूळ मापावर क्वचितच राहतात. त्याच मापाचे फिल्मचे घाला, मोठे घालू नका. अ‍ॅम्पसाठी नवा खर्च आता नको. तुमचा रिसीव्हर सुधारला तर तोच त्या स्पीकरांना पुरा पडेल. त्या काळी कंपन्या जोडी जमवूनच विकायच्या, आणि तारवट्यांचे कान पक्के असत. एकेका बंदरात चार दुकानं फिरून घेतलेला माल तो.

प्रश्न : व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पचा आवाज मडगावच्या एका घरी ऐकला आणि झोप उडाली. 300बी व्हॉल्व्हचा 8 वॉटचा अ‍ॅम्प बघून ठेवलाय. माझे स्पीकर 86 डेसिबल, कागदावर 6 ओहम. जमेल?

उत्तर : नाही जमणार, आणि आठ वॉट कमी पडतात हे त्यातलं लहान कारण.

एकाच 300बी वर चालणाऱ्या अ‍ॅम्पचा आतला अडथळा बऱ्याचदा दोन-तीन ओहम असतो. तुमचा स्पीकर एखाद्या सुराला 4 ओहम आणि दुसऱ्या सुराला 20 ओहम दाखवत असेल तर ओहम जिथे जास्त तिथे आवाज मोठा आणि जिथे कमी तिथे बारीक होतो. दोन ओहमचा अडथळा धरून गणित केलं तर या दोन जागांत अडीच डेसिबलहून जास्त फरक पडतो. म्हणजे स्पीकर बनवणाऱ्याने जो तोल साधला तो अ‍ॅम्पने मोडला. मडगावला ज्यांच्याकडे ऐकलंत त्यांचे स्पीकर काय होते ते विचारा. बहुतेक भोंग्याचे असतील. पॉल क्लिप्श यांनी 1946 मध्ये काढलेला कोपऱ्यात ठेवायचा भोंग्याचा स्पीकर एका वॉटाला शंभरच्या वर डेसिबल देतो. त्याला आठ वॉट म्हणजे जेवणावळ.

व्हॉल्व्हच हवा असेल तर दोन ईएल34 व्हॉल्व्ह जोडीने चालणारा, तीसेक वॉटचा बघा. मागे 4 आणि 8 ओहमचे वेगळे खिळे असतात. तुमच्या स्पीकरला आधी 4 वर लावा, मग 8 वर, आणि जे कानाला बरं वाटेल ते ठेवा, यात बिघडत काही नाही. बिघडतं ते स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू केल्याने. आउटपुट ट्रान्सफॉर्मर फुटतो. मुलं घरात असतील तर तारा पक्क्या आवळा.

उलट बाजूचंही एक सांगतो, नाहीतर तुम्ही सेन्सिटिव्हिटीचा आकडा देव्हाऱ्यात मांडाल. बीबीसीने 1970 च्या दशकात बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांसाठी एलएस3/5ए हा चपलेच्या खोक्याएवढा स्पीकर तयार केला. सेन्सिटिव्हिटी जेमतेम 82-83. तरी बारा-पंधरा वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर तो लहान खोलीत सुरेख गातो. पहिले 15 ओहमचे होते. अ‍ॅम्पला ओझंच नाही.

आणि मे महिन्यात तो व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प लावायच्या आधी पंख्याचा वारा कुठून येतो ते बघा. 300बी ची काच हाताला लावण्यासारखी नसते.

प्रश्न : दुकानात स्पीकरच्या चार-चार मीटर तारेचे 9 हजार सांगितले. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात साधी तांब्याची वायर मिळते. खरंच फरक पडतो का?

उत्तर : घरातल्या प्लगला वापरतात ती 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, मऊ बारीक तारांची. चार मीटर जाऊन चार मीटर परत येताना तिचा अडथळा 0.06 ओहम होतो. वर पर्वरीच्या पत्रात सहा ओहमचं जे सांगितलं ते इथेही लागू. फरक पडतो तो टोकांना. खाऱ्या हवेत उघडं तांबं आधी काळं, मग हिरवं होतं. दरवर्षी चवथीची साफसफाई निघते तेव्हा टोकाचा अर्धा इंच कापा, नवं तांबं सोला, पिळा, घट्ट बसवा. वाचलेल्या पैशांच्या रेकॉर्ड घ्या.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचा जुना लाउडस्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर मंडळाने नवा घेतल्यामुळे मला मिळतोय, 120 वॉट. घरच्या स्पीकरना जोडू का? (डिचोली)

उत्तर : जोडता येईल, पण मागे "100 व्ही" लिहिलेल्या खिळ्याला हात लावू नका. तो देवळाच्या आवारात लांबवर नेलेल्या भोंग्यांसाठी असतो, त्या प्रत्येक भोंग्यावर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो. घरचा स्पीकर त्याला लावलात तर तो शेवटचं भजन म्हणेल. 8 ओहमचा खिळा वापरा. पण तो मोनो आहे, आणि माइकवरच्या आवाजासाठी बनवलेला आहे. नातवंडांच्या नाटकाला ठेवा, रात्री ऐकायला नको.

प्रश्न : पणजीत दोन दुकानांत स्पीकर ऐकायला जाणार आहे. जाताना कुठलं गाणं न्यावं? जुनं केसरबाईंचं ऐकतो मी जास्त.

उत्तर : केसरबाई केरकर आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, तेव्हा माझी ना नाही. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, याचा मलाही अभिमान आहे. पण स्पीकर पारखायला ते ध्वनिमुद्रण उपयोगाचं नाही. 78 च्या तबकड्यांवर वरची आणि खालची टोकं जवळजवळ नसतातच, त्यामुळे चांगला आणि सुमार स्पीकर तिथे सारखेच वाटतात. ऐकून आनंद मात्र घ्या.

पारखायला माणसाचं बोलणं न्या. बीबीसीचे इंजिनीयर स्पीकर तपासताना बोलण्याचा आवाज वापरत, कारण माणसाचा आवाज कसा असतो हे प्रत्येक कानाला पाठ असतं. घरातल्या कुणालातरी परसात उभं करा, भिंतींपासून लांब. हातभर अंतरावर फोन धरा आणि वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचायला सांगा. आठवडी बाजारातले भाव वाचले तरी चालतील. दुकानात तो लावा आणि त्याच माणसाला शेजारी बसवा. आवाज बोलण्याइतकाच ठेवा, दुकानदाराला बटण फिरवू देऊ नका. तो आवाज पेटीतून आल्यासारखा गुंगतोय का, "स" आणि "श" दातांवर शिट्टी मारतायत का, छातीतला भाग उगाच जाड झालाय का, एवढं बघा. मग तुमचा स्वतःचा अ‍ॅम्प पिशवीत घालून नेला असेल तर तोच जोडायला सांगा. दुकानातल्या दोन लाखांच्या अ‍ॅम्पवर ऐकलेला स्पीकर घरी तसा वाजत नाही.

मी गेल्या वर्षी अशीच एक जोडी बघायला गेलो तेव्हा बायकोचा आवाज नेला होता. मला स्पीकर एकदम पसंत. तिने अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाली, "मी अशी नाकात बोलते?" दुकानदाराने दुसरी जोडी लावली.

(प्रश्न पाठवताना खोलीची लांबी, रुंदी, छताची उंची, छत कौलांचं की स्लॅबचं, आणि अ‍ॅम्पच्या पाठीचा फोटो जरूर पाठवा. पुढचा फोटो सगळेच पाठवतात.)